ॲक्युपंक्चर म्हणजे काय? सुया टोचून दुखणं खरंच कमी होतं का?

उमरखेड तालुक्यात कापूस वेचणीचे दिवस आले की कंबर, मान, गुडघे धरल्याच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. गोळ्यांना कंटाळलेल्या माणसाला मग कुणीतरी सुचवतं, "एकदा सुया टोचून बघा." ही सुयांची पद्धत म्हणजेच ॲक्युपंक्चर.

सुई नेमकं काय करते?

ही चीनमधली दोन हजार वर्षांहून जुनी पद्धत. इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच बारीक आणि भरीव सुई ठरावीक बिंदूंवर टोचून १५ ते ३० मिनिटं तशीच ठेवतात. तिच्यातून कोणतंही औषध जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत असे ३६१ पारंपरिक बिंदू आहेत.

चिनी परंपरा म्हणते, शरीरातल्या 'ची' या ऊर्जेचा प्रवाह अडला की दुखणं येतं. अशी ऊर्जा विज्ञानाला सापडलेली नाही. मात्र सुईमुळे मज्जातंतू उत्तेजित होऊन एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्यं शरीरातच तयार होतात, असं संशोधनात दिसलं आहे.

भारतात कशी आली?

जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर होते. याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली.

उपयोग किती?

जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी, मायग्रेन आणि केमोथेरपीनंतरची मळमळ यांत काही रुग्णांना आराम मिळतो. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला जर्मनीतला एक मोठा अभ्यास विचार करायला लावतो. कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांपैकी खऱ्या ॲक्युपंक्चरने सुमारे ४८ टक्के, चुकीच्या जागी वरवर सुया टोचून ४४ टक्के, तर नेहमीच्या उपचारांनी २७ टक्के रुग्णांना फरक पडला. म्हणजे आराम खरा, पण तो नेमक्या बिंदूमुळेच मिळतो असं म्हणता येत नाही.

मधुमेह, कॅन्सर किंवा हृदयविकार सुयांनी बरा होतो, असा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका. चालू औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

जाण्याआधी हे तपासा

- महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. उपचार करणाऱ्याची महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा.
- सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. वापरलेल्या सुईतून कावीळ 'ब' पसरू शकते.
- रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, पेसमेकर बसवलेला असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधीच सांगा.
- सुया काढल्यावर छातीत दुखलं किंवा दम लागला, तर लगेच दवाखाना गाठा. छातीवर खोल गेलेली सुई क्वचित फुप्फुसाला इजा करते.
- पायात मुंग्या, बधिरपणा किंवा ताप असेल, तर सुयांआधी डॉक्टरांकडून दुखण्याचं कारण शोधून घ्या.