वर्तमानपत्र किती काळ टिकते?

एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहू या. कालच्या वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एक जाड पुस्तकात मिटून कपाटात ठेवा, दुसरी खिडकीशी उन्हात ठेवा. आठवड्याभराने दोन्ही शेजारी ठेवल्या, की उन्हातली पट्टी पिवळी पडलेली दिसेल. वहीचा चांगला कागद इतक्या लवकर पिवळा पडत नाही. असे का?

पूर्वी युरोपात कागद मुख्यतः कापडाच्या चिंध्यांपासून करीत. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर आणि कॅनडात फेनर्टी यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की लाकूड घासून केलेल्या लगद्याचाही कागद होतो. या पद्धतीत लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कागदात उतरतो. त्यामुळे कागद स्वस्त झाला आणि त्याबरोबर वर्तमानपत्रही.

मात्र लाकडात सेल्युलोजच्या धाग्यांबरोबर त्यांना जखडून ठेवणारे लिग्निन असते. वहीच्या कागदासाठी रसायने वापरून ते बरेचसे काढून टाकतात. वर्तमानपत्राच्या घासलेल्या लगद्यात ते तसेच राहते. उन्हातले अतिनील किरण लिग्निन शोषून घेते, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते आणि पिवळसर संयुगे तयार होतात. कागदात आम्ल असेल तर सेल्युलोजच्या लांब साखळ्याही हळूहळू तुटतात. मग घडीवर बोट ठेवले तरी तुकडा पडतो. म्हणूनच चिंध्यांच्या कागदावरचे जुने अंक पुष्कळदा शाबूत असतात आणि त्यांच्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी छापलेल्यांचा भुगा होतो.

आता तर कागदच मागे पडत चालला आहे. लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ने २०१६ साली छपाई थांबवली. व्हिएन्नाचे १७०३ साली सुरू झालेले ‘वीनर त्साइटुंग’ दैनिक स्वरूपात शेवटचे छापले गेले ते ३० जून २०२३ रोजी. दोन्ही पत्रे संगणकावर चालू राहिली. पडद्यावरची बातमी पिवळी पडत नाही. मग ती कायमची टिकली म्हणायची का?

इथे प्रतींचा विचार करायला हवा. छापील अंकाच्या हजारो प्रती गावोगाव जातात. बहुतेक रद्दीत जातात, पण एखादी ग्रंथालयात राहते. प्रत एकदा घराघरात पोचली, की छापलेला मजकूर गुपचूप बदलता येत नाही. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी पुस्तकांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे बंधनकारक झाले आणि १९५६ पासून त्यात वर्तमानपत्रेही आली.

वेबपानाची मूळ प्रत मात्र मालकाच्या यंत्रावर असते. संस्था बंद पडली किंवा पत्ता बदलला, तर ते सर्वांसाठी एकदमच नाहीसे होऊ शकते. मजकूर दुरुस्त केला आणि तशी नोंद केली नाही, तर वाचकाला त्याची खूणही दिसत नाही. कागद झिजला तरी निम्मा मजकूर वाचता येतो. संगणकावरची फाइल बिघडली तर पुष्कळदा काहीच उघडत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. छायाप्रतीची छायाप्रत काढत गेलो तर अक्षरे पुसट होतात. संगणकावरची नक्कल मात्र हुबेहूब उतरते, शंभरावी देखील. म्हणजे साधन कमजोर नाही, पण नकला कोणीतरी मुद्दाम काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायला हव्यात. अमेरिकेतील ‘इंटरनेट अर्काइव्ह’ १९९६ पासून वेबपानांच्या नकला जपत आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून तेथील मोठ्या ग्रंथालयांना तसा कायदेशीर अधिकार आहे. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या अनेक संगणकसेवा कित्येक महिने बंद राहिल्या. एकाच ठिकाणच्या संग्रहावर विसंबता येत नाही, ते यासाठी.

पुढे छापील अंक किती निघतील, यावर चर्चा पुष्कळ होते. आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की आज लिहिलेले पन्नास वर्षांनी तपासून पाहता येईल का. विद्यार्थ्यांना यासाठी एक काम देता येईल. गावातल्या ग्रंथालयातला सर्वांत जुना अंक शोधावा, त्याचा रंग आणि घडीवरची अवस्था नोंदवावी. मग दहा वर्षांपूर्वीची एखादी स्थानिक बातमी संगणकावर शोधावी. दोन्हींपैकी काय सापडले आणि काय नाही, ते वहीत लिहावे. आणि शाळेचा वार्षिक अंक संगणकावर तयार होत असेल, तर त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवून एक चांगल्या कागदावर छापून घ्यावी.