संगणकाचा कारभारी बदलण्याआधी

संगणकाचे यंत्र आपण होऊन काही करीत नाही. अक्षरे पडद्यावर आणणे, फोटो साठवणे, छपाई करणे ही कामे पाहणारा एक कारभारी त्याच्या आत असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात.

आमच्या घरच्या संगणकात विंडोज १० होती. ती २०१५ साली निघाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबवली. म्हणून संगणक काही बंद पडत नाही. पण आत शिरायची नवी चोरवाट कुणाला सापडली, तर ती बुजवणार कोण? म्हणून दादाने आणि मी विंडोज ११ घालायचे ठरवले. त्याआधी केलेली तयारी सांगतो.

१) यंत्र तपासले : विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. प्रोसेसरही फार जुना चालत नाही. 'पीसी हेल्थ चेक' हा कंपनीचाच मोफत प्रोग्राम आहे. आपले यंत्र चालेल की नाही, हे तो सांगतो.

२) नक्कल काढली : हे सर्वांत महत्त्वाचे. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आत्याने रेकॉर्ड केल्या होत्या. आजी आता नाही. तो आवाज फक्त या संगणकातच होता. आम्ही ओव्या, फोटो आणि बाबांचे हिशेब बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवले. मग ती डिस्क काकांच्या संगणकाला लावली आणि फाइली उघडून पाहिल्या. उघडून पाहिल्याशिवाय नक्कल खरी मानू नये.

३) फॉन्ट जपले : बाबांची जुनी पत्रे 'कृतिदेव' फॉन्टमध्ये आहेत. हा फॉन्ट नसेल, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून फॉन्टची फाइलही डिस्कवर घेतली. पासवर्ड वहीत लिहून वही आईकडे दिली.

४) जागा केली : नको ते चित्रपट आणि दोनदोनदा उतरवलेल्या फाइली काढून टाकल्या.

५) विजेची सोय पाहिली : काम अर्ध्यावर असताना लाईट गेली, तर घोटाळा होतो. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. तो पूर्ण चार्ज करून मगच सुरुवात केली. लॅपटॉप असेल, तर चार्जर लावूनच ठेवावा.

नवी सिस्टीम बसल्यावर ती पटली नाही, तर साधारण १० दिवसांच्या आत पुन्हा जुनीवर जाता येते. पण तेवढ्यावर विसंबून नक्कल काढायची टाळू नका.

मित्रांनो, कारभारी आज एक, उद्या दुसरा. पण आजीच्या ओव्या एकदा पुसल्या गेल्या, तर कोणती कंपनी त्या परत आणून देणार?

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी