हापूसला मार्क कोणी द्यायचे?

रेड वाइन चाखणाऱ्या जाणकाराकडे पहिल्यांदाच पाहणाऱ्याला हसू आवरत नाही. पेला दांड्याला धरायचा, पांढऱ्या कागदासमोर तिरपा करून रंग न्याहाळायचा, मग गोल फिरवून त्यात नाक खुपसायचे, एक घोट तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखा खळखळवायचा आणि एवढे सोपस्कार झाल्यावर तो चक्क थुंकून टाकायचा! त्यासाठी शेजारी वेगळे भांडे ठेवलेले असते. आपल्याकडे कोणी सोलकढीचा असा सोहळा मांडला असता, तर आजीने त्याला पंगतीतून उठवले असते.

हसून झाले की मात्र तो वहीत काय लिहितो आहे ते पाहावे. प्रत्येक हालचालीमागे काही हिशेब असतो. कोवळ्या रेड वाइनचा रंग जांभळट असतो, वय वाढेल तसा तो विटकरी होत जातो. म्हणून रंगाला काही गुण. पेला फिरवल्याने वास मोकळा होतो. वासाला काही गुण. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेला तुरटपणा (जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते तोच) बोचरा आहे की मऊ, आंबटपणा त्याला सावरतो की नाही, घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते, या सगळ्यांना गुण. थुंकायचे ते अशासाठी, की दिवसात पन्नास वाइन चाखायच्या तर डोके ठिकाणावर राहायला हवे. शेवटी खाली बेरीज. ती बेरीज मग बाटलीबरोबर जगभर हिंडते आणि ज्याने ती वाइन कधी चाखलेली नाही असा माणूस तिच्या भरवशावर पैसे मोजतो.

वाइन घरात आणावी की न आणावी हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. मला त्यात पडायचे नाही. माझे कुतूहल आहे ते त्या बेरजेचे. कारण मी राहते रत्नागिरीत. आमच्याकडेही एक फळ आहे, ज्याच्या चवीवर तासन्‌तास बोलले जाते, भांडणे होतात, मुंबईच्या पाहुण्यांना खिजवले जाते. पण त्या चवीचा एकही गुण आजवर कोणत्या पेटीवर लिहिलेला मी पाहिला नाही.

वाइनच्या बाबतीतही हे एका दिवसात झाले नाही. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने बोर्दो प्रांतातल्या वाइनची प्रतवारी करवून घेतली. तिथल्या दलालांनी लाल वाइनचे पाच वर्ग पाडले, आणि ते पाडले कशावरून? बाजारात वर्षानुवर्षे मिळत आलेल्या भावावरून. ज्याला भाव जास्त, तो वरच्या वर्गात! ही यादी इतकी पक्की बसली, की दुसऱ्या वर्गातल्या शातो मूटन रॉथशील्डला पहिल्या वर्गात बढती मिळायला १९७३ साल उजाडावे लागले.

पुढे तीनच वर्षांनी, २४ मे १९७६ रोजी, पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवणाऱ्या स्टीव्हन स्परिअर या इंग्रज गृहस्थाने एक खोडी काढली. नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे त्याने बोर्दोच्या नामवंत लाल वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या लाल वाइन मांडल्या, पण नावे झाकून. गुण वीसपैकी. बेरीज झाली तेव्हा पहिली आली कॅलिफोर्नियाची ‘स्टॅग्स लीप’. नुकतीच बढती मिळालेली मूटन दुसरी. एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली म्हणतात. बाटलीवरचे नाव झाकले, की जीभ मोकळी होते, एवढे त्या दुपारी जगाला कळले.

त्यानंतर अमेरिकेत रॉबर्ट पार्कर नावाच्या वकिलाने १९७८ साली स्वतःचे वार्तापत्र काढले आणि वाइनला शाळेसारखे शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली. नव्वदच्या वर गेलेली वाइन दुकानात टिकेना आणि नव्वदच्या खाली राहिलेल्या वाइनचा मालक झोपेना.

या गुणांवर आंधळा विश्वास ठेवावा असे मात्र नाही. २००१ साली फ्रान्समध्ये फ्रेदेरिक ब्रोशे यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून दिला. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले! कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन यांनी एका स्पर्धेच्या परीक्षकांना तीच वाइन, त्याच बाटलीतून, न सांगता तीनदा दिली. गुण दर वेळी निराळे. पुन्हा पुन्हा जवळपास तेच गुण देणारे परीक्षक दहात एखादाच निघाला. म्हणजे जीभ फसते, डोळे तिला फसवतात. तरीही मला वाटते, की चुकतमाकत का होईना, चवीची नोंद ठेवणारा बाजार चवीची नोंदच न ठेवणाऱ्या बाजारापेक्षा बरा.

आपल्या महाराष्ट्रातही हे वारे येऊन बराच काळ झाला. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी वाइनचा कारखाना उभारला तेव्हा अनेकांनी डोक्याला हात लावला होता. नाशिकला राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण जाहीर केले. आज नाशिकला गेलेली मंडळी त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेतात आणि येताना वाइन चाखण्याच्या खोलीतही डोकावतात. तिथला बागायतदार द्राक्ष तोडण्याआधी एका छोट्या नळीसारख्या उपकरणावर रसाचे दोन थेंब टाकून डोळ्याला लावतो. त्यात रसातल्या साखरेचा आकडा दिसतो. त्याला ब्रिक्स म्हणतात. बावीस-चोविसाच्या आसपास आकडा गेला, की तोडणी. पिकलेला हापूस त्याच उपकरणावर अठरा ते वीस दाखवतो. उपकरण तेच, रसही तसाच दोन थेंब लागतो. फरक एवढाच, की वाइनच्या द्राक्षाच्या धंद्यात तो आकडा पाहिल्याशिवाय तोडणी होत नाही. आमच्याकडे तो पाहायची कोणाला गरजच पडत नाही.

कारण आंब्याची प्रतवारी होते ती डझनावर. पेटीत चार-पाच डझन बसले तर फळ मोठे, भाव चढा; सात-आठ डझन बसले तर फळ लहान, भाव उतरता. त्यात डाग आहे का, देठ आहे का, रंग कसा आहे, एवढे पाहिले की झाले. पेट्या वाशीच्या बाजारात जातात, पूर्वी क्रॉफर्ड मार्केटला जायच्या. रुमालाखाली हात घालून बोटे दाबत भाव ठरवण्याची तिथली जुनी रीत प्रसिद्ध आहे. ज्याचा भाव ठरतो ते फळ त्या वेळी हिरवे, कडक असते. त्याची चव आठवडाभराने कोणाच्या तरी जेवणाच्या ताटात उलगडणार असते आणि तोवर पैसे हातातून हातात गेलेले असतात.

इथेच खरी मेख आहे. हापूसची चव कशाने ठरते हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. जांभा कातळ, खारा वारा, कलमाचे वय हे तर आहेच. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फळ झाडावर किती दिवस राहिले. आमच्याकडे याचे मोजमाप अजून आण्यांत चालते. ‘चौदा आणे’ तयार झालेला आंबा काढावा, असा जुन्यांचा दंडक. रुपयातले दोन आणे अढीत भरून निघतात. असा आंबा पाण्यात टाकला तर बुडतो, कोवळा असेल तो तरंगतो. झेल्याने देठासकट उतरवायचा, म्हणजे चीक सालीवर सांडून डाग पडत नाही. मग पेंढ्याच्या अढीत, उलटसुलट न करता, त्याला त्याच्या गतीने पिकू द्यायचे. फार उशीर केला तर साक्याची भीती. साका म्हणजे आतला गर पांढरट, आंबूस, रबरासारखा होणे. बाहेरून तो कुणालाच दिसत नाही.

आता बागायतदाराच्या जागी उभे राहून पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कडाडलेला असतो, मेमध्ये कोसळतो. त्यात अवकाळी पावसाचा धसका, फळमाशी, थ्रिप्स. दहा-बारा आण्यांवर आंबा उतरवला तरी पेटीत डझन तेवढेच बसतात, रुमालाखाली बोटे तेवढीच दाबली जातात. कार्बाइडवर बंदी आहे, पण इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे. सालीवर सोनेरी रंग चार दिवसांत येतो. जो माणूस चौदा आण्यांपर्यंत थांबतो, तो भाव पडण्याचा, पावसाचा आणि साक्याचा असे तिन्ही धोके स्वतःच्या अंगावर घेतो. त्या थांबण्याचे त्याला काय मिळते? चवीला गुण नसलेल्या बाजारात, काहीही नाही. उलट शेजारचा आधी विकून मोकळा होतो आणि याला वेडा म्हणतो.

२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांतला आंबा ‘हापूस’ म्हणवून घेऊ शकतो. चांगले झाले. कर्नाटकातल्या आंब्यावर ‘रत्नागिरी’चा शिक्का मारून विकणाऱ्यांना निदान कायद्याचा धाक आला. पेटीत खाली घातलेले वर्तमानपत्र मराठी आहे की कानडी ते पाहावे, असा एक सल्ला मुंबईत देतात. व्यापारी अर्थातच त्याच्या पुढे गेलेत, त्यांना मराठी रद्दी कुठेही मिळते. पण मानांकन सांगते ते आंबा कुठला. तो कसा लागतो, हे ते सांगत नाही. पाच जिल्ह्यांतल्या दहा आणे आंब्यालाही तेच मानांकन आणि चौदा आण्यांच्यालाही तेच. बोर्दोच्या नावाखाली सामान्य वाइनही विकली जाते. म्हणून तर तिथे नावाखेरीज गुणही लागतात.

गंमत अशी, की आंब्याला गुण द्यायची पद्धत आमच्याच जिल्ह्यात आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात फळांच्या आणि फळांपासून केलेल्या पदार्थांच्या चाचण्या होतात तेव्हा काही जणांना बसवून रंग, वास, चव, गर यांना गुण द्यायला लावतात. अमेरिकन लष्कराच्या जेवणासाठी बसवलेली नऊ गुणांची पट्टी त्यासाठी वापरली जाते. एक म्हणजे ‘अजिबात आवडले नाही’ आणि नऊ म्हणजे ‘अतिशय आवडले’. कोकणच्या संशोधकांनी नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ (१९८१) आणि पुढे पातळ कोयीचा ‘सिंधू’ (१९९२) काढला. नवी जात काढायची तर चव बघावीच लागते. प्रश्न आहे तो ही पट्टी प्रयोगशाळेतून बाजारात कशी न्यायची याचा.

गेल्या मेमध्ये आम्ही घरीच हा उद्योग केला. पडवीत पाट मांडले. सहा आंबे: पावसकडच्या कातळावरचा, खाडीकाठच्या भरड जमिनीतला, शेजारच्या काकांच्या बागेतला, बाजारातला गॅसवर पिकवलेला, भाच्याने मुद्दाम मुंबईहून आणलेला कर्नाटकी आणि आमच्या परड्यातल्या जुन्या कलमाचा बारकासा. वहिनीने आत साली काढून, फोडी करून, ताटल्यांना आकडे घातले. पावसकडचा आंबा तिने कुणालाही न सांगता दोन ताटल्यांत वाढला होता. परीक्षक आठ, गुण वीसपैकी, आणि आधी लिहायचे, मग बोलायचे.

पहिला आला परड्यातला बारका आंबा. बाजारात त्याच्या आठ डझनांची पेटी झाली असती आणि भाव सगळ्यांत कमी लागला असता. गॅसवरचा देखणा आंबा शेवटून पहिला. कर्नाटकी तिसरा आला. कोणी काही म्हणो, तो तिसरा आला. दोनदा वाढलेल्या आंब्याला आत्याने पंधरा आणि सोळा दिले, कॉलेजातल्या पुतण्याने अकरा आणि सतरा. शेजारच्या काकांचा आंबा चौथा ठरला आणि त्यांनी स्वतः त्याला बारा गुण दिले होते. वहिनीने आकडा उघड केला तेव्हा ते म्हणाले, ‘‘छे, हा माझा नव्हेच. सूनबाई, तू ताटल्या बदलल्यास.’’ पॅरिसच्या बाईंची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

त्या दुपारी मला सगळ्यांत मोलाचे वाटले ते गुणांपेक्षा कागदांवरचे शब्द. ‘गोड पण पाणचट’, ‘गुळमट’, ‘सालीजवळ राळेचा वास’, ‘घशाशी जाताना आंबूस’, ‘केशर लागते’, ‘गर लोण्यासारखा, रेषा नाही’, ‘खाऊन झाल्यावरही तोंडात आहे’. १९८४ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅन नोबल या बाईंनी वाइनच्या वासांचे एक चक्र तयार केले. वाइनबद्दल बोलायला सगळ्यांना सारखे शब्द मिळावेत, हा त्यामागचा हेतू. आमच्या आत्याला असे चक्र कोणी मागितले, तर ती निवडणे-टिपणे करता करता सांगून टाकील.

काका नंतर दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते एक ठरवून. या वर्षी त्यांनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना पाठवायच्या पेट्यांवर डझनाशेजारी आंबा उतरवल्याची तारीख आणि ‘१४ आणे’ असे हाताने लिहिले. गुण लिहायला ते तयार नाहीत. ‘‘ते खाणाऱ्यांनी कळवावेत,’’ म्हणतात. पेटीत एक पोस्टकार्ड घातलेले असते.

तुम्हाला घरी हे करून पाहायचे असेल, तर आंबे सारखेच पिकलेले घ्या आणि फ्रिजमधले घेऊ नका. थंडीने वास मरतो. चारांपेक्षा जास्त नकोत, जीभ दमते. मध्ये पाणी आणि चपातीचा कोरडा घास. फोडी करणाराने गुण द्यायचे नाहीत. गुण आधी कागदावर, कारण घरातले मोठे माणूस ‘वा!’ म्हणाले, की बाकीच्यांच्या जिभा माना डोलावतात. आणि कोयी कोणाच्या वाट्याला जाणार, तेवढे मात्र सुरुवातीलाच ठरवून घ्या. आमच्याकडे गुणांवरून वाद झाला नाही, कोयींवरून झाला.