पांढरे म्हणजे रिकामे नव्हे

ठिपक्यांच्या रांगोळीत आमच्या आत्याचा हात धरणारे चाळीत कोणी नव्हते. नरकचतुर्दशीच्या पहाटे गेरूच्या चौकोनावर तिच्या चिमटीतून पांढरी रेघ अशी काही उतरे की, शेजारच्या बायका पाहत उभ्या राहत. पण रांगोळी पुरी झाली की आत्या उठे, हळदकुंकू वाहायला माझ्या आईला हाक मारी आणि स्वतः दाराआड होई. एकदा मी कारण विचारले. कुणीतरी हळूच म्हणाले, “तिचं कपाळ पांढरं ना!”

पांढरे कपाळ, पांढरे पाय, पांढरे निशाण! आपल्या बोलण्यात पांढरा म्हणजे काहीतरी उणे, काहीतरी हरपलेले. मग शारदेचे वस्त्र पांढरे का, हा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही.

न्यूटनने १६७२ साली प्रकाशाविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. लोलकाने वेगळे केलेले रंग भिंगाने पुन्हा एकत्र आणले की पांढरा प्रकाशच हाती येतो, हे त्याने दाखवून दिले. म्हणजे पांढऱ्यात रंग नाही असे नव्हे. त्यात सारेच रंग नांदतात.

शून्याचेही तसेच. आपले जुने गणिती श्लोकांत आकडे शब्दांनी सांगत. शून्यासाठी ते ‘ख’, ‘अंबर’, ‘आकाश’ असे शब्द योजीत आणि, नवल म्हणजे, ‘पूर्ण’ हाही! आकाश तरी खरोखर रिते कुठे आहे? विश्वातले नेहमीचे द्रव्य सगळीकडे सारखे पसरले, तर एका घनमीटरात हायड्रोजनचा एक अणूसुद्धा भरणार नाही. पण विश्वाच्या बालपणीचा प्रकाश अजून तिथे आहे. त्याचे ४०० हून अधिक कण प्रत्येक घनसेंटिमीटरात असतात.

आता एक मौजेची हकीकत. २००२ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ग्लेझब्रुक आणि बाल्ड्री या दोन खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून अधिक दीर्घिकांचा प्रकाश एकत्र मांडला आणि विश्वाचा सरासरी रंग फिकट हिरवानिळा असल्याचे जाहीर केले. थोड्याच आठवड्यांत चूक उमगली. संगणकाच्या आज्ञावलीत ‘पांढरा’ म्हणजे नेमका कोणता, हेच चुकीचे धरले गेले होते! ते सुधारताच विश्वाचा रंग निघाला दुधाळ, सायीसारखा पांढरट.

शास्त्रज्ञांनी आपली चूक मोकळेपणी कबूल केली. आपल्याकडून मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या झाले नाही. पांढरा कोणता हेच आपण चुकीचे धरून बसलो आणि एका भरल्या मनाच्या बाईला रिकामी म्हणत आलो.

आत्या आता नाही. पण वाचकहो, तुमच्या घरी अशी कुणी आत्या, काकू असेल, तर यंदा तिची रांगोळी पुरी झाल्यावर हळदकुंकवाचा करंडा तिच्याच पुढे धरा. ती शेवटची चिमूट तिच्याच हातून पडू द्या.