विरजणासारखं जनुक

लॅबमध्ये मी २१ वर्षं काढली. जंतूंच्या प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचं, कोणत्या चकतीभोवती जागा मोकळी झाली. कोलिस्टिन हे प्रतिजैविक मात्र अडेलतट्टू. प्लेटवरच्या जेलीत ते नीट पसरतच नाही. ते वेगवेगळ्या मात्रांच्या द्रावणात तपासावं लागतं.

औषध जुनं, मूत्रपिंडांना त्रास देणारं, म्हणून मागे पडलेलं. बाकीची औषधं हरू लागली तेव्हा आयसीयूत त्याचीच आठवण झाली. आणि इकडे पोल्ट्रीत, कोंबडीचं वजन वाढावं म्हणून, तेच खाद्यात मिसळलं जात होतं! भारतात अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना ते देण्यावर बंदी आली जुलै २०१९ मध्ये.

त्याआधीच, २०१५ साली, चिनी संशोधकांनी डुकरांमधल्या ई. कोलाय जंतूंत कोलिस्टिनला न जुमानणारं एमसीआर-१ हे जनुक सापडल्याचं जाहीर केलं होतं. ते प्लाझ्मिडवर होतं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं. शेजारणीला वाटीभर विरजण द्यावं तसं एक जंतू ते दुसऱ्याला देतो. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं.

चिकनवर असे जंतू असले तरी ते नीट शिजलं की मरतात, हे खरं. पण शिजण्याआधी? आमच्या घरी सासूबाई कोंबडी नळाखाली खळखळून धुवायच्या, शिंतोडे पार ओट्यावर. मी कितीदा सांगितलं. कोंबडी चिरलेली विळी नुसती पाण्याने विसळायची, आणि लगेच तिच्यावर कोथिंबीर.