धबधब्यापलीकडचे पाडे

वसई म्हटली की किल्ला आठवतो. चिमाजी अप्पा, १७३९ चा वेढा, सुकेळी, फुलांच्या वाड्या, नाताळचे गोठे ही यादीही पाठोपाठ येते. पण ही वसई रेल्वेलाइनच्या पश्चिमेची. लाइन ओलांडून पूर्वेला गेलं, मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठला, की तुंगारेश्वरचा डोंगर समोर उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी चिंचोटीचा फाटा आहे आणि तिथून कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता फुटतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या फाट्यावर उतरणाऱ्या तरुणांना इथली एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे चिंचोटीचा धबधबा. धबधब्याकडे जाणारी पायवाट ज्या रानातून जाते, त्या रानाच्या कडेने आदिवासी पाडे आहेत. वसईच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली नाही, आणि आता वसईच्या नकाशातूनही ते पुसट होत चालले आहेत.

एक नाव, अनेक जमाती

पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ ची जनगणना आजच्या जिल्ह्याच्या हद्दीला लावून पाहिली, तर सुमारे तीस लाख लोकसंख्येत अकरा लाखांहून अधिक आदिवासी निघतात. म्हणजे दर तिघांत एकापेक्षा थोडे जास्तच. वसई तालुक्यात हे प्रमाण अर्थातच फार खाली येते, कारण इथे लोकलने शहर आणून ओतले. तरी पूर्वपट्टीतल्या पाड्यांवर मल्हार कोळी, वारली, कातकरी यांची वस्ती टिकून आहे. थोडे दुबळा आणि कोकणाही आहेत.

बाहेरच्या माणसाला हे सारे ‘आदिवासी’ या एकाच नावाखाली दिसतात. आणि आदिवासी म्हटले की भिंतीवरची पांढऱ्या रेषांची वारली चित्रे डोळ्यांपुढे येतात. पण ती चित्रे वारल्यांची, तीही मुख्यतः डहाणू-तलासरी भागातली. लग्नात सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी बसवायची आणि धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावायचे, असा तो विधी. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हा चौक कागदावर आणला आणि जगभर नेला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कातकऱ्यांचे जग मात्र निराळे. खैराच्या लाकडाचा कात पाडणे हा त्यांचा मूळ धंदा. इंग्रजांनी जंगले राखीव केली तेव्हा खैरावर बंदी आली आणि जमात मजुरीला लागली. जमीन आधीही नव्हती, नंतरही मिळाली नाही. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती केंद्राने विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. मल्हार कोळी शेतीत त्यांच्याहून अधिक स्थिरावलेले. तेव्हा ‘आदिवासींसाठी योजना’ असे सरसकट म्हणून भागत नाही. कोणाकडे गुंठाभर भात आहे, कोणाकडे झोपडीखालची जमीनसुद्धा नाही, हे आधी पाहावे लागते.

रानाचे पंचांग

पाड्यावरचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पहिले दोन-चार पाऊस झाले की जमिनीतून शेवळे वर येतात. पान यायच्या आधी येणारा हा तांबूस-जांभळट कोंब. तो उमलायच्या आत खुडावा लागतो. बाया पहाटे रानात जातात, कोंब तेवढा काढतात आणि कंद जमिनीत तसाच ठेवतात. पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा शेवळे मिळतात, कारण आदल्या वर्षी कोणी हाव केलेली नसते. दुपारच्या आत या जुड्या वसई, नायगाव, विरारच्या बाजारात पोचतात. जुडीसोबत काकडाची हिरवी फळे असतात, कारण शेवळे खाजरे. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडाचा रस किंवा चिंच घालून शिजवायचे, नाहीतर घसा धरतो. पुढे सोडे घालायचे, खिमा घालायचा की वाल, हे ज्याच्या त्याच्या घरावर. वसईतली कित्येक जुनी घरे वर्षातून एकदा या भाजीसाठी जीव टाकतात. विकणारीला मात्र जुडीमागे दोन रुपये कमी करायला लावतात.

शेवळ्यांमागून टाकळा, कुलू, भारंगी, लोत येतात, मग कंटोळी, आळिंबी. उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात, कोणत्या उतारावर मिळते आणि कोणती कशात घालून शिजवली की बाधत नाही, हे ज्ञान लिहिलेले कुठेच नाही. ते आईकडून मुलीकडे जाते, तेही रानात चालता चालता. मुलगी रानात गेलीच नाही, तर ते तिथेच संपते.

वारल्यांमध्ये कोवळी रानभाजी असो की नवा भात, देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. देवही घरचेच: धान्याची कणसरी, पावसाचा नारनदेव, वाघदेव, हिरवा. या शिस्तीचा व्यवहारातला अर्थ उघड आहे. पीक तयार होण्याआधी त्याला हात लावायचा नाही. आपण ज्याला हल्ली संवर्धन म्हणतो, ते इथे सणाच्या रूपाने पाळले जाते.

भात घरात येऊ लागला की तारपा बाहेर निघतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. यातली एकही वस्तू दुकानातून आणावी लागत नाही, आणि रान नसेल तर एकही मिळत नाही. तारपकरी मध्ये उभा राहून फुंकतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती साखळी धरतात. तारप्याला पाठ दाखवायची नाही, हा नेम. सूर बदलला की पावले बदलतात.

याच दिवसांत दिवाळी. आदिवासी पट्ट्यात तिची सुरुवात होते वाघबारशीने, रानातल्या वाघाला नमस्कार करून. पाड्यावरच्या फराळाला तेल-तूप कमी लागते. करांदे, कोनफळ उकडायचे, चवळीच्या शेंगा शिजवायच्या, पिकलेली काकडी किसून तांदळाच्या पिठात घालायची आणि पानात गुंडाळून वाफवायची. शेतात जे आले, रानात जे मिळाले, त्याचा सण. पण हीच दिवाळी आणखी एका गोष्टीची खूण असते. ती झाली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जायचे.

अंगावरचे पैसे

भट्टीवाला पावसाळ्यातच पाड्यावर येऊन उचल देऊन जातो. आजारपण असते, लग्न असते, भाताची लावणी असते, घरात दाणा नसतो. दिवाळीनंतर ते पैसे फेडायला नवरा-बायको मुलांसकट भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हिशेब भट्टीवाला ठेवतो. पुष्कळदा हंगाम संपतो, पैसे ‘अंगावर’ राहतात आणि पुढचे वर्ष आधीच बांधले जाते.

याची मुळे जुनी आहेत. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या पैशांपायी जन्मभर राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने केलेल्या अहवालात या वेठीचे वर्णन आले. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणू भागात वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा व्हायला १९७६ उजाडले. आणि कायदा झाल्यानंतरही वेठबिगार शिल्लक होते, ते खुद्द वसई तालुक्यात, मुंबईपासून लोकलच्या अंतरावर. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी या तालुक्यात वेठबिगारांना सोडवण्याचे काम हाती घेतले, त्यातून १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. त्यांच्याच विधायक संसद या संस्थेने पुढे वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर विटा रचून उभारलेली मजुराची झोपडी. शाळा मुलांपर्यंत जात नसेल तर ती भट्टीवर न्यायची, हा साधा विचार.

आज उघड वेठ कमी झाली असली, तरी उचल, स्थलांतर आणि बुडालेली शाळा ही साखळी तुटलेली नाही. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे रेशन पाड्यावर राहते, मुलाचा वर्ग पाड्यावर राहतो, गरोदर बाईची अंगणवाडीतली नोंदही पाड्यावरच राहते.

रान आपले, कागद सरकारचा

तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला नागला बंदराच्या जंगलामार्गे ते बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाशी जोडले जाते, त्यामुळे बिबट्याच्या वावरासाठी हा पट्टा मोलाचा. अभयारण्य हवेच होते. ते नसते, तर या डोंगराचे आतापर्यंत काय झाले असते, हे पायथ्याचे दगड-मातीचे खणकाम पाहिले की कळते. प्रश्न एवढाच, की पिढ्यान्‌पिढ्या रानात ये-जा करणाऱ्याची तिथली जागा कोणती?

त्याचे उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्याने दिले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत होता, त्याला प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत, हक्क मिळतो. त्याहून महत्त्वाचा आहे सामूहिक हक्क: गौण वनोपज गोळा करण्याचा, विकण्याचा आणि रान राखण्याचाही. अभयारण्यालाही हा कायदा लागू आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. शेवळे खुडणाऱ्या बाईला हाच कायदा लागू पडतो. पण दावा करायचा तर ग्रामसभेने आधी वनहक्क समिती नेमली पाहिजे. आणि चिंचोटीचा पेच नेमका इथे आहे.

ग्रामसभा नसलेले पाडे

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली. चार नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र आली, चिंचोटी-कामणचा पट्टा शहरात गेला. ग्रामपंचायत गेली, तिच्याबरोबर ग्रामसभा गेली. ग्रामीण रोजगार हमी गेली, म्हणजे दिवाळीनंतर भट्टीला जो एक पर्याय असू शकला असता तोही गेला. आदिवासी ग्रामसभेला जमीन आणि गौण वनोपजावर अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींपुरता आहे. नगरपालिका क्षेत्रासाठी तसाच कायदा करण्याचे विधेयक २००१ मध्ये संसदेत आले आणि ते तिथेच राहिले.

त्यातही आणखी एक रेघ आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने वसई तालुक्यातली ४५ गावे अनुसूचित क्षेत्रात घेतली, बाकीची वगळली. रान एकच, जमात एकच, देवही तेच. पण शिवेच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा.

दरम्यान शहर थांबलेले नाही. महामार्गालगत आणि कामण रस्त्याने कारखान्यांचे गाळे आणि गोदामे दाटीने उभी राहिली, त्यांतली अनेक बेकायदा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीविना विकता येत नाही, असा कायदा १९७४ पासून आहे. तरी साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्रांनी त्याला वळसा घातला जातो, आणि जमिनीचा धनी तिथल्याच गाळ्यात हमाल होतो. समर्पित मालवाहू रेल्वे, बुलेट ट्रेन, विरार-अलिबाग मार्गिका, सारे याच तालुक्यातून. सूर्या नदीवरचे धामणी धरण मुळात आदिवासी भागातल्या शेतीच्या पाण्यासाठी झाले. त्याचे पाणी आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळवले आहे, आणि त्यासाठी तुंगारेश्वरच्या पोटातून सुमारे साडेचार किलोमीटरचा बोगदा खोदला आहे. पायथ्याच्या पाड्यांवर मात्र एप्रिल-मेमध्ये बायांच्या डोक्यावर हंडे असतातच.

राहिला धबधबा. दरवर्षी तिथे कोणीतरी बुडतो आणि दरवर्षी पावसाळ्यात पर्यटनबंदीचा आदेश निघतो. तरीही माणसे जातात, बाटल्या आणि प्लास्टिक टाकून येतात. पाण्याचा जोर कधी वाढतो, दगड कुठे निसरडा आहे, हे पाड्यावरच्या पोराला पाठ असते. बंदीच्या पाटीऐवजी त्याला वाटाड्या म्हणून नेमले, शुल्क त्याच्या समितीकडे दिले, तर जीवही वाचतील आणि रोजगारही होईल. सामूहिक वनहक्क मिळाले, तर हे करण्याचा अधिकार पाड्याकडे येऊ शकतो.

करता येण्याजोगे

महापालिकेच्या हद्दीत वनहक्क देता येत नाहीत, हा समज चुकीचा आहे. छत्तीसगडमध्ये जगदलपूर महापालिकेच्या हद्दीत ते दिले गेले आहेत. वसई-विरारने प्रभागवार सभा घेऊन पाड्यांच्या वनहक्क समित्या नेमाव्यात, पाड्यांची स्वतंत्र मोजणी करावी आणि भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचे रेशन व शाळा त्यांच्यामागे जाईल अशी सोय करावी. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या जनमन योजनेत कातकऱ्यांसाठी घर, रस्ता, पाणी यांची तरतूद आहे. शहरात गणले गेल्यामुळे यातला एकही कातकरी पाडा वगळला जाऊ नये, हे पाहणे महापालिकेचे आणि आदिवासी विकास विभागाचे काम आहे.

९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, चौकात तारपा वाजवून घेणे सोपे आहे. पण ज्या रानातून तारपा येतो, तिथे जाण्याचा हक्क नसेल, तर उरेल तो नुसता कार्यक्रम. आदिवासी संस्कृती जपायची म्हणजे आदिवासीची रानातली ये-जा कायद्याने जपायची. वाचकांपैकी ज्यांचे मत वसई-विरारमध्ये आहे, त्यांनी पुढच्या वेळी दारात येणाऱ्या उमेदवाराला पाड्यांच्या वनहक्कांचे काय झाले, हे जरूर विचारावे. आणि जूनमध्ये शेवळ्याची जुडी घेताना घासाघीस करू नये.