श्रावणात दारू बंद केली की जीव का घाबरतो?



आषाढ संपत आला की गावात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. आधी गटारी, मग श्रावण. वर्षभर पिणारे कितीतरी जण श्रावणात बाटलीला हात लावत नाहीत. काही जण तर थेट गणपती उठेपर्यंत पाळतात. कुणी पंढरपूरला जाऊन माळ घालतं, कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतं. घरातल्या बाईला वाटतं, सुटलो एकदाचे.

आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस थरथरायला लागतो. घाम फुटतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. "छातीत धडधडतंय, मला काहीतरी होणार," असं म्हणत अंगणात येरझाऱ्या घालतो. घरातले म्हणतात, नाटकं करतोय. शेजारी म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. शेवटी कुणीतरी सल्ला देतं, "घोटभर द्या, लगेच शांत होईल." आणि खरंच शांत होतो. पण श्रावण तिथंच मोडतो आणि घरातली आशाही मोडते.

गटाच्या बैठकीत बचत-हप्त्याचं काम आटोपलं की हा विषय हळूच निघतो. म्हणून या अंकात तो नीट समजून घेऊ. एक आधीच सांगते, हा लेख फक्त नवऱ्यांबद्दल नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, शेतात राबून अंग ठणकतं म्हणून रात्री थोडी घेणाऱ्या बायकाही आहेत. त्यांना तर बोलायचीही चोरी. इथं जे लिहिलंय ते दोघांनाही लागू आहे.

ही भीती येते कुठून?

आपल्या मेंदूत शांत करणारी एक यंत्रणा असते आणि जागं ठेवणारी दुसरी. दारू म्हणजे ब्रेकवर दाबलेला पाय. रोज ब्रेक दाबलेला असला तरी काम तर चाललं पाहिजे, म्हणून मेंदू तेवढाच जोर देऊन एक्सलरेटर दाबायला शिकतो. महिनोन्‌महिने दोन्ही पाय दाबलेलेच राहतात. अशात एके दिवशी ब्रेक एकदम सोडला तर ट्रॅक्टर उसळणारच. हात कापणं, घाम, धडधड, मळमळ, चिडचिड, झोप उडणं आणि विनाकारण वाटणारी भीती ही सगळी ती उसळी आहे. मेंदूला एक्सलरेटरवरचा पाय काढायला काही दिवस लागतात.

म्हणजे हे नाटक नाही, मनाचा कमकुवतपणा नाही आणि करणीही नाही. शरीराचं गणित आहे.

यात आणखी एक फसवणूक आहे. बरेच जण पितातच मुळी काळजी विसरायला. कर्ज, गेलेलं पीक, मुलीचं लग्न. पोटात गेली की दोन तास बरं वाटतं, झोपही पटकन लागते. पण दारूचा अंमल उतरला की पहाटे तीन-चारला दचकून जाग येते आणि काळीज धडधडत असतं. सकाळची भीती कालच्यापेक्षा मोठी. म्हणून संध्याकाळी आणखी थोडी जास्त. सावकाराचं कर्ज फेडायला त्याच सावकाराकडून नवं कर्ज काढावं, तसंच हे. गटात आल्यावर आपण सावकाराच्या चक्रातून कसे बाहेर पडलो ते आठवा. इथंही हप्त्या-हप्त्यानंच बाहेर पडावं लागतं.

एकदम बंद कुणी करू नये?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. पुढच्यापैकी एक जरी गोष्ट लागू असेल, तर बंद करायची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटा:

• रोज आणि भरपूर पिणं होतं.
• सकाळी उठल्यावर हात कापतात आणि घेतल्याशिवाय थांबत नाहीत.
• पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती किंवा माणूस भलतंच बरळत होता.
• मिरगीचा, काविळीचा, पोटात पाणी होण्याचा त्रास आहे किंवा वय झालेलं आहे.
• बाई गरोदर आहे. गरोदरपणात दारू थोडीही नको, पण रोजची सवय असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची आणि लगेच सोडवायची.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून गरजेप्रमाणे ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवतात. डॉक्टर काही दिवसांसाठी अशी औषधं देतात की ब्रेक हळूहळू सुटतो. सोबत ब१ जीवनसत्त्व देतात, कारण जास्त पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी पडतं. डॉक्टरांची भेट होईपर्यंत अशा माणसाला हट्टानं एकदम शून्यावर आणू नका, त्यात जिवाला धोका असतो. ऐकायला उलटं वाटेल, पण हे खरं आहे.

दिवसांचा हिशोब

शेवटचा घोट घेतल्यापासून साधारण 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ आणि घाबरेपणा सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान थोड्या लोकांना भ्रम होतो. भिंतीवर किडे, साप किंवा नसलेली माणसं दिसतात. आपण कुठं आहोत ते कळत नाही, ताप चढतो. गावात यालाच बाहेरची बाधा म्हणतात आणि देवऋषाकडे नेण्यात वेळ जातो. हा जीवघेणा आजार आहे आणि दवाखान्यात त्यावर उपचार आहेत. 108 ला फोन करा.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. त्याचा उपयोग नाही.

बहुतेकांची थरथर पाच ते सात दिवसांत ओसरते. झोपेची तक्रार आणि मनाची हुरहुर मात्र काही आठवडे राहू शकते. हे आधीच माहीत असलं तर पंधराव्या दिवशी "अजून कसं बरं वाटत नाही?" म्हणून माणूस हार मानत नाही.

कमी करायची तर मोजून

अंदाजानं कमी होत नाही, हे गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या तुम्हाला मी काय सांगू! 180 मिलिलिटरच्या क्वार्टरवर 42.8 टक्के असं लिहिलेलं असतं. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण 60 ग्रॅम. दहा ग्रॅमचं एक माप धरलं तर एका क्वार्टरमध्ये सहा मापं झाली. "मी फक्त बिअरच घेतो" म्हणणाऱ्यांसाठी हे बघा: 8 टक्क्यांच्या मोठ्या, 650 मिलिलिटरच्या बाटलीत चार मापं असतात. हातभट्टीच्या दारूवर काहीच लिहिलेलं नसतं. ती किती कडक ते कळत नाही, म्हणून मोजता येत नाही, शिवाय विषबाधेची भीती वेगळीच.

पिणाऱ्यानं स्वतःच्या हातानं एक वही ठेवावी. तारीख, वेळ, किती मापं आणि घेण्याआधी मनात काय चाललं होतं. लिहिता येत नसेल तर रेघा माराव्यात. आठ दिवसांत चित्र दिसायला लागतं. कुणाचं बाजाराच्या दिवशी वाढतं, कुणाचं मजुरी हातात पडली की, कुणाचं भांडण झालं की. मग ठरवून थोडं थोडं कमी करायचं, काही दिवस तिथं थांबायचं, पुन्हा कमी करायचं. कमी करताना थरथर, घाम सुरू झाला तर घाई होतेय असं समजा. आणखी कमी करू नका, डॉक्टरांना भेटा.

जीव घाबरला की काय करायचं?

श्वास. नाकानं चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा आणि सहा आकडे मोजत हळूहळू सोडायचा. सोडणं लांब पाहिजे. पाच मिनिटं केलं तरी धडधड कमी होते.

मनाशी बोलणं. "हे दारू उतरल्यामुळे होतंय. आत्ता वाढलंय, पण कमी होणार आहे." हे मोठ्यानं म्हटलं तरी चालतं. पाय जमिनीला टेकवा, तोंडावर गार पाणी मारा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या.

थांबणं. पिण्याची तलफ लाटेसारखी येते. बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा. शेंगा फोडा, गोठा झाडा, शिवारात चक्कर मारा. दिवेलागणीची वेळ सगळ्यात अवघड असते. श्रावणात गावात पोथी, हरिपाठ, भजन असतं. त्या वेळेला तिथं जाऊन बसणं हासुद्धा उपाय आहे.

खाणं-पिणं. उपाशी पोटी हुरहुर वाढते. श्रावणातले कडक उपवास या महिन्यात नकोत. भाकरी, वरण, ताक, पाणी वेळेवर. चहा कमी, संध्याकाळनंतर नकोच. दारू सुटली म्हणून तंबाखू किंवा मिश्री वाढवू नका. त्यानंही काळजाचे ठोके वाढतात.

मात्र छातीत कळ येऊन ती हातात, जबड्यात जात असेल किंवा दम लागत असेल, तर ते घाबरणं आहे असं धरून बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

हे करू नका

"जेवणात गुपचूप मिसळा, दारू सुटेल" अशा पुड्यांच्या जाहिराती भिंतींवर असतात. पुडीत काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. दारूसोबत त्रास होणारं एक औषध डॉक्टर देतात, पण ते रुग्णाला सांगून, तपासून देतात. नकळत दिलं आणि तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं.

मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. गोळी आणि दारू एकत्र झाली तर श्वास थांबू शकतो. आणि माणसाला खोलीत कोंडून, बांधून दारू सुटत नाही. आतमध्ये फिट आली तर कळणारही नाही.

आणि तुमचं काय?

दारूच्या घरातली बाईसुद्धा घाबरलेलीच असते. रात्री पायांचा आवाज आला की पोटात गोळा येतो. तो आवाज बंद झाला तरी महिना-दीड महिना तुमची झोप उडालेली राहू शकते. वर दिलेला श्वासाचा उपाय तुम्हीही करा. आणि मनात पक्कं धरा, त्याच्या पिण्याचं कारण तुम्ही नाही. स्वयंपाक अळणी झाला म्हणून कुणी दारुडा होत नाही.

दारू सोडताना चिडचिड होते हे खरं, पण हात उगारायला ती सबब नाही. मारहाण झाली तर महिला हेल्पलाइन 181, तातडीची मदत 112. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 चा कायदा तुमच्यासाठीच आहे.

या दिवसांत घरातली फवारणीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. "जगून काय उपयोग" असं कुणी बोललं तर थट्टेवारी नेऊ नका. जवळ बसा, एकटं सोडू नका, फोन लावा.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

14416 – टेलि-मानस. घाबरेपणा, झोप न येणं, निराशा यांसाठी. 2022 पासून सुरू आहे. दिवस-रात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठीही लावा, घरच्यासाठीही.
14446 – नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन.
108 – रुग्णवाहिका.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा अनेक तालुक्यांच्या ठिकाणी होतात, त्यांना पैसे लागत नाहीत. घरच्या माणसांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय.

गटानं काय करावं?

गावातली बाटली आडवी करायला आपण एकत्र येतो. तसंच जो स्वतःहून सोडतोय त्याच्या घराला आधार द्यायलाही एकत्र येऊ. दवाखान्यात न्यायला गाडीभाडं नसेल तर अंतर्गत कर्जात अशा घराला आधी नंबर द्या. ज्या बाईचा स्वतःचा प्रश्न आहे तिचं नाव प्रोसिडिंगमध्ये येऊ देऊ नका आणि बैठकीबाहेर जाऊ देऊ नका. एक हप्ता चुकला म्हणून आपण कुणाला गटातून काढत नाही. एक दिवस पिणं झालं तर तेच धोरण ठेवा. वहीत लिहा, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू.

शेवटची गोष्ट श्रावणानंतरची. महिना-दीड महिना बंद राहिल्यावर शरीराची सवय कमी झालेली असते. गणपती उठल्यावर पहिल्याच दिवशी जुन्याइतकी घेतली तर ती जास्त चढते, अपघात होतात. म्हणून "श्रावणानंतर काय?" हे श्रावणातच ठरवा. इतके दिवस निघाले तर पुढचेही निघतात, हे वहीतल्या रेघाच सांगतील.

गटारीच्या आधीच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांना बोलता येत नाही, त्यांनाही ऐकता येईल.

– तुमची क्षेत्र समन्वयक